मुंबई ते न्यूयॉर्क : किलोमीटर तेच, तास वेगळे

आमच्या सांगलीच्या घरी शाळेतला एक जुना पृथ्वीगोल आहे. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, तेव्हा तिने तो पदरच्या पैशांनी घेतला होता. ताई लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि माळ्यावरचा गोल पुन्हा टेबलावर आला. आईचा पहिला अमेरिका प्रवास ठरला, त्या दिवशी मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून तिला वाट दाखवत होतो. मुंबईहून निघायचं, अरबी समुद्र, ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को आणि मग अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्क. तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग विणकामाच्या पिशवीतून लोकरीचा धागा काढला, गोलावर एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबलं, दुसरं न्यूयॉर्कवर धरलं आणि धागा ताणला. सैल होता तोवर धागा आफ्रिकेवर लोंबत होता. ताणल्याबरोबर तो सरकत सरकत वर गेला आणि जवळजवळ आइसलँडवर जाऊन बसला.

मी नंतर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन गणित मांडलं. आईचा धागा अचूक होता. मुंबईहून निघणारी सर्वांत जवळची वाट पश्चिमेला जातच नाही. ती उत्तरेकडे तोंड करून, किंचित डावीकडे कलून निघते. सौराष्ट्र, सिंध, क्वेट्याचा परिसर, अफगाणिस्तानची पश्चिम बाजू, तुर्कमेनिस्तान, मग मॉस्कोच्या अगदी जवळून फिनलंडच्या आखातावर, तिथून नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण किनारा, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडातलं लॅब्राडोर आणि मेन राज्यावरून खाली न्यूयॉर्क. लांबी सुमारे १२,५४० किलोमीटर. माझी पट्टीवरची सरळ रेघ भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. फरक साधारण मुंबई ते कोलकाता हवाई अंतराएवढा.

दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर किती आणि वेळ किती लागतो, हा प्रश्न परदेशी मूल असलेल्या प्रत्येक घरात विचारला जातो. पहिल्या भागाचं उत्तर मोबाइलवर क्षणात मिळतं आणि ते बरोबरही असतं. लोकांची गफलत पुढे होते. त्या आकड्याला विमानाच्या वेगाने भागलं की प्रवासाचा वेळ मिळतो, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की एवढ्या लांबच्या प्रवासात वेळ ठरवायच्या कामात अंतराचा वाटा आपण समजतो त्याहून बराच कमी असतो. वारा, बंद असलेली आकाशं आणि विमानात भरलेलं इंधन मिळून जे ठरवतात, तेच शेवटी प्रवाशाच्या वाट्याला येतं.

आधी अंतराचं पाहू, कारण तो भाग सरळ आहे. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट म्हणजे बृहद्वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला तर जी कड मिळेल, ते बृहद्वृत्त. अक्षांश-रेखांश माहीत असले की शाळेतल्या त्रिकोणमितीने ते अंतर काढता येतं. पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे; विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय ६,३५७. तो हिशेब धरला तर उत्तरात अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर फरक पडतो. गोंधळ नकाशामुळे होतो. गेरहार्ड मर्केटरने १५६९ मध्ये केलेला नकाशा खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारं जहाज त्यावर सरळ रेघेत दिसतं, हा त्याचा मोठा गुण. पण त्यासाठी उत्तरेकडचे प्रदेश ताणावे लागतात आणि जवळची वाट कमानीसारखी वाकडी दिसू लागते. विमानातल्या पडद्यावर ती कमान बघून शेजारचे प्रवासी एकमेकांना विचारतात, की अमेरिका पश्चिमेला असताना हे वर कुठे चाललंय.

आता वेळ. जेट विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटरने उडतं, म्हणजे १२,५४० किलोमीटरला चौदा तास व्हायला हवेत. प्रत्यक्षात मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना चौदाच्या आसपास. शहरं तीच, विमान तेच. दोन तास जातात कुठे?

पुष्कळ लोक याचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात शोधतात. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली अमेरिका आपणहून सरकत यायला हवी, असा तो तर्क. मग जाताना कमी वेळ लागला असता, घडतं उलट. धावत्या लोकलमध्ये चेंडू सरळ वर उडवला तर तो हातातच पडतो, मागच्या डब्यात जात नाही. कारण चेंडू आणि डब्यातली हवा गाडीच्याच वेगाने चाललेली असते. तसंच वातावरण पृथ्वीबरोबर फिरतं आणि विमान त्या वातावरणात पोहतं. त्याला कळते ती फक्त हवेची जमिनीच्या मानाने होणारी हालचाल, म्हणजे वारा.

आणि वर वारा फार मोठा आहे. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून, पृथ्वीच्या फिरण्याने वळवलेले, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे हवेचे पट्टे तयार होतात. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं प्रवासी विमानांच्या पातळीवर. हाच जेट प्रवाह. हिवाळ्यात दोन्हीकडच्या तापमानातली तफावत वाढते आणि त्याचा वेग ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्याने आपला अहवाल एस्परांतो या कृत्रिम भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बर वैमानिकांना तोच वारा नव्याने भेटला. मला ओइशींची ही गोष्ट फार चटका लावणारी वाटते. इतकी मोठी गोष्ट मोजून ठेवलेला माणूस भाषेपायी बाजूला राहिला.

वारा पाठीशी असला तर काय होतं, ते फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. अटलांटिकवर सियारा नावाचं वादळ होतं. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्याला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण भोवतालची हवाच त्याला घेऊन धावत होती.

पण माझ्या मते या विषयातलं सर्वांत बोलकं उदाहरण आपल्याकडचं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान एअर इंडिया आधी अटलांटिकवरून नेत असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने दिशाच फिरवली आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेलं. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण जो वारा छातीवर घ्यावा लागत होता तो पाठीवर आला. नदीत पोहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही; आमच्याकडे कृष्णेच्या पुरात पोहणारे कोनातून उडी टाकतात आणि खाली कुठे लागायचं ते आधी ठरवतात.

म्हणून लांबच्या विमानाची वाट रोज नव्याने आखली जाते. उड्डाणाच्या काही तास आधी कंपनीच्या नियंत्रण कक्षात बसलेला डिस्पॅचर त्या रात्रीचे वारे, वादळं, बंद हद्दी, विमानाचं वजन हे सगळं मांडून मार्ग काढतो. उत्तर अटलांटिकवर तर युरोपकडून अमेरिकेकडे आणि अमेरिकेकडून युरोपकडे जायच्या सामायिक वाटा वाऱ्याप्रमाणे रोज बदलून जाहीर होतात. काल आईचं विमान ग्रीनलंडवरून गेलं म्हणून आजचंही तिथूनच जाईल, असं नाही.

वारा निदान कोणाशी भांडलेला नसतो. माणसांची गोष्ट वेगळी आहे. आईचा लोकरीचा धागा पुन्हा एकदा गोलावर ताणून पाहा. तो सिंध आणि बलुचिस्तानवरून जातो. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि पुढे महिन्या-महिन्याने मुदत वाढवत नेली. तो अफगाणिस्तानवरून जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं तेव्हा तिथलं हवाई नियंत्रणच थांबलं आणि बहुतेक कंपन्यांनी ते आकाश सोडलं. काही जण पुढे हळूहळू परतले. तो मॉस्कोजवळून जातो. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेच्या आणि युरोपीय संघाच्या विमानांना रशियाची हद्द बंद झाली. जवळची म्हणून जी रेघ भूमितीने दिली, तिच्यावर आजच्या जगातल्या तीन मोठ्या जखमा एकापाठोपाठ येतात. भारतीय विमान कंपनीला त्यातलं एक दार बंद, अमेरिकी कंपनीला दुसरं. म्हणजे त्याच दोन शहरांमधल्या दोन विमानांच्या वाटा त्यांच्या शेपटीवरच्या झेंड्याप्रमाणे वेगळ्या होतात. मार्च २०२२ मध्ये युनायटेड कंपनीला नेवार्क-मुंबई ही थेट सेवा काही काळ थांबवावी लागली, ती याच कारणाने.

हे नवीन नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होतं, तेव्हा युरोपातून जपानला जाणारी विमानं अलास्कातल्या अँकरेजला उतरून इंधन घेत. फिनएअरने १९८३ मध्ये हेल्सिंकी-टोकियो विमान उत्तर ध्रुवावरून न थांबता नेलं. सोव्हिएत संघ संपला, सायबेरियाची वाट मोकळी झाली आणि तोच प्रवास नऊ-साडेनऊ तासांवर आला. २०२२ नंतर पुन्हा सायबेरिया बंद, पुन्हा ध्रुवावरून, आणि पुन्हा तेरा तासांच्या आसपास. हेल्सिंकी आणि टोकियो जागचे हललेले नाहीत.

आपल्याकडे बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानची हद्द बंद होती. तेव्हा २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. २०२५ च्या बंदीत दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं, आणि दिल्ली-वॉशिंग्टन ही सेवा सप्टेंबरपासून बंद झाली. हद्दबंदी हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. सगळ्यांत नजरेत भरणारं मात्र ताश्कंद. दिल्ली ते ताश्कंद हे अंतर सुमारे १,५८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोलकात्याहून कमी. पाकिस्तानला वळसा घालून जायची वेळ आली तेव्हा इंडिगोची तिकडे जाणारी विमानं पल्ल्याच्या बाहेर गेली आणि ती सेवाच थांबली. एवढ्या जवळच्या गावाला जाता न येणं, याला किलोमीटरचं कुठलंही कोष्टक उत्तर देऊ शकत नाही. १३ जून २०२५ रोजी इराणचं आकाश बंद झालं, तेव्हा मुंबईहून लंडनला निघालेलं विमान काही तास हवेत राहून मुंबईलाच परत आलं. सुमारे तीन तास प्रवास आणि कापलेलं अंतर शून्य.

यंत्रांनी मात्र यात मोठी मजल मारली आहे. एअर इंडियाचं मुंबई-लंडन पहिलं विमान, 'मलाबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन, ८ जून १९४८ रोजी निघालं ते कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं. न थांबता मुंबई-न्यूयॉर्क व्हायला ऑगस्ट २००७ उजाडला. प्रवासी विमानाच्या पल्ल्याची ताकद दाखवायला बोइंगने नोव्हेंबर २००५ मध्ये ७७७-२०० एलआर हे विमान हाँगकाँगहून मुद्दाम उलट्या दिशेने, पॅसिफिक, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून लंडनला नेलं. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून सुमारे वीस हजार किलोमीटरहून दूर असूच शकत नाहीत. म्हणजे यंत्राने कुठूनही कुठेही पोचायची क्षमता वीस वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती.

मग सगळीकडे थेट विमानं का नाहीत? कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. बोइंग ७७७-३०० ईआरच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं. आटपाडी-जतकडे उन्हाळ्यात येणारे दहा हजार लिटरचे पाण्याचे टँकर डोळ्यांसमोर आणा. असे अठरा टँकर घेऊन ते विमान उडतं. पहिल्या काही तासांत जळणाऱ्या इंधनाचा बराच भाग पुढच्या तासांचं इंधन उचलून नेण्यात खर्च होतो. आज न थांबता जाणारी सर्वांत लांबची नियमित सेवा सिंगापूर-न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटरच्या वर आणि साडेअठरा तासांहून जास्त. त्यासाठीच्या खास एअरबस ए३५० विमानात फक्त १६१ आसनं ठेवली आहेत आणि साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी सिडनी-लंडन या सतरा हजार किलोमीटरच्या थेट प्रवासाची तयारी करते आहे. त्याला वीस तास लागतील.

थांबा घेऊन जाण्याचंही गणित मांडून पाहण्यासारखं आहे. मुंबई-लंडन-न्यूयॉर्क धरलं तर अंतर थेट वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढतं. दुबईमार्गे सुमारे चारशेने. टक्क्यांत हे काहीच नाही. पण मधल्या विमानतळावरचे तीन-चार तास, पुन्हा तपासणी, पुन्हा धावपट्टीची वाट पाहणं यांनी प्रवास वीस-बावीस तासांवर जातो. तरीही गुडघे दुखणाऱ्या माणसाला मी थांब्याचंच विमान सुचवेन. विमानाच्या आतला दाब जमिनीसारखा नसतो. जुन्या विमानांत तो सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या हवेसारखा असतो, ७८७ आणि ए३५० मध्ये १,८०० मीटरसारखा. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे सोळा तास कळसूबाईच्याही वर, कोरड्या हवेत, पाय न हलवता बसायचं. दर दोन तासांनी उठून चाललं नाही, तर पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

तिकिटावरचा वेळही समजून घेतला पाहिजे. तो दारापासून दारापर्यंतचा असतो, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, आणि मोसमाचा अंदाजही. सांगलीकराचा खरा हिशेब त्याहून मोठा. एसटी किंवा खासगी बसने मुंबई नऊ तास, विमानतळावर चार, हवेत सोळा, पलीकडे इमिग्रेशनची रांग आणि ताईच्या घरापर्यंतची गाडी मिळून अडीच-तीन. एकूण बत्तीसच्या घरात. त्यात रस्त्यावर कापलेलं अंतर सगळ्या वाटेच्या साडेतीन टक्क्यांएवढं, आणि त्याला एक तृतीयांश वेळ.

मागच्या एका परतीच्या प्रवासात आईचं विमान मधेच युरोपातल्या एका शहरात इंधनासाठी उतरलं. थांबा तिकिटावर नव्हता. दारं बंद, प्रवासी आपापल्या जागी, आणि नेमका किती वेळ ते कोणी सांगेना. आई तीन तास तशीच बसून राहिली. इकडे मला फोनवर फक्त 'उशिरा' एवढंच दिसत होतं. इंधन घ्यावं लागलं याबद्दल माझी तक्रार नाही. वारा आणि बंद हद्दी कोणाच्या हातात नसतात. पण मार्ग उड्डाणाच्या काही तास आधी आखलेला असतो, आणि थांबा लागणार हे तेव्हाच बऱ्याचदा दिसत असतं. तिकीट काढणाऱ्या माणसाला, विशेषतः एकट्याने प्रवास करणाऱ्या सत्तरीच्या बाईला, ते निघण्याआधी सांगितलं पाहिजे. कंपन्यांनी प्रवासाच्या अंतराची जाहिरात केली नाही तरी चालेल. पण त्या आठवड्यात तो प्रवास कमीत कमी किती तासांचा आणि जास्तीत जास्त किती तासांचा झाला, हे दोन आकडे त्यांनी तिकिटावर छापावेत, असं मला मनापासून वाटतं.

आईने तिच्यापुरता तोडगा काढला आहे. रक्तदाबाची गोळी तिला चोवीस तासांनी घ्यावी लागते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मुंबईहून रात्री दोनला निघून सोळा तासांनी उतरलं की तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि गोळीची वेळ झाली की नाही, हे त्या घड्याळावरून कळत नाही. म्हणून तिच्या डाव्या मनगटावर भारतातल्या वेळेचं घड्याळ असतं, ते ती तिकडे सहा महिने राहिली तरी बदलत नाही. पर्समध्ये एक लहान वही आहे. प्रत्येक प्रवासाची त्यात एक ओळ : तारीख, विमान हललं ती वेळ, थांबलं ती वेळ, आणि पडद्यावर दिसलेली गावं. एका ओळीत आइसलँड आहे, दुसरीत तेहरान, तिसरीत काळा समुद्र. किलोमीटरचा रकाना तिने सुरुवातीला आखला होता, पण दोन प्रवासांनंतर भरायचा सोडून दिला. येत्या नोव्हेंबरात ती पुन्हा निघते आहे. वहीतल्या नव्या ओळीत तारीख लिहून झाली आहे, आणि गोळ्यांच्या पाकिटावर तिने एकाऐवजी दोन वेळा लिहिल्या आहेत, मधे थांबा लागला तर आणि नाही लागला तर.